सामायिक ईमेल सर्व्हर आणि शेजाऱ्यांची पत

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

हिंगणा औद्योगिक वसाहतीतील काही लहान कारखानदारांमध्ये सध्या एक विचार सुरू आहे. ज्या कंपनीकडे स्वतःचा ईमेल सर्व्हर (मेल पाठवणारा, स्वीकारणारा आणि साठवणारा संगणक) आहे तिच्याच सर्व्हरवर आजूबाजूच्या आठ-दहा उद्योगांनी आपापली खाती ठेवावीत, वीज, इंटरनेट आणि देखभालीचा खर्च वाटून घ्यावा आणि दर खात्यामागे दरमहा भरावे लागणारे भाडे वाचवावे, असा तो विचार आहे. मी स्वतः २०१६ ते २०२४ या काळात पाच शेजाऱ्यांचे ईमेल माझ्या कारखान्यातील सर्व्हरवर सांभाळले असल्यामुळे याबाबत बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी समजतो. पत्र नेहमीपेक्षा लांबणार आहे, त्याबद्दल क्षमस्व; पण अर्धवट सांगितले तर त्याचा कुणालाच उपयोग नाही.

शेजाऱ्याच्या साधनावर धंदा करणे नागपूरला नवे नाही. फोनची जोडणी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागत असे त्या काळात इतवारी-गांधीबागेतील दुकानदार आपल्या कार्डावर शेजारच्या पेढीचा नंबर छापत आणि त्यापुढे पी.पी. अशी दोन अक्षरे टाकत. फोन आला की पेढीवरचा पोरगा रस्ता ओलांडून हाक मारायला येई. माझ्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानाला असा पी.पी. नंबर अनेक वर्षे होता आणि फोनच्या मालकाने त्याबद्दल कधी एक पैसा घेतला नाही. मात्र त्या फोनवर वडील मालाचा दर कधीच सांगत नसत. ‘पत्र टाकतो’ एवढेच म्हणत, कारण फोन ज्यांच्या टेबलावर होता तेही हार्डवेअरच विकत. वडिलांची ही सवय मला पुढे सर्व्हरच्या बाबतीत आठवायला हवी होती, ती फार उशिरा आठवली.

माझ्या कारखान्यात विजेचे पॅनेल तयार होतात. २०१५ साली आमच्याकडचा एक कारकून नोकरी सोडून गेला आणि त्याच्याबरोबर त्याचे फुकटचे वैयक्तिक ईमेल खातेही गेले, ज्यात आमची तीन वर्षांची कोटेशने, ग्राहकांनी पाठवलेली ड्रॉइंगे आणि निम्म्या खरेदी विभागांचे पत्ते होते. तो माणूस वाईट नव्हता, त्याने मागितले ते सगळे परत पाठवले. पण आपल्या धंद्याचा पत्रव्यवहार दुसऱ्याच्या खिशात आहे हे त्या दिवशी कळले. मग आम्ही स्वतःचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारे नाव, घेतले, कोपऱ्यात पडलेल्या एका संगणकावर लिनक्स टाकले, मेलची ने-आण करणारे पोस्टफिक्स आणि आलेले मेल खात्यात दाखवणारे डोव्हकॉट ही दोन फुकट उपलब्ध असलेली सॉफ्टवेअरे बसवली आणि इंटरनेट पुरवठादाराकडून कायमस्वरूपी आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपले यंत्र ओळखणारा क्रमांक, घेतला. त्या पत्त्याची उलटी नोंद, म्हणजे आयपी पत्त्यावरून आमच्या सर्व्हरचे नाव सापडावे अशी नोंद, पुरवठादारालाच करावी लागते, आणि ती करून घ्यायला आम्हाला सर्व्हर उभा करण्यापेक्षा जास्त दिवस लागले. ही नोंद नसेल तर मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर तुमचे मेल उंबऱ्यावरूनच परत पाठवतात.

पलीकडच्या शेडमधील फॅब्रिकेशनवाले वर्षभराने म्हणाले, ‘आमचेही टाका की यातच.’ त्यांच्यामागून खोक्यांची छपाई करणारे, रबरी गॅस्केट बनवणारे, एक मालवाहतूकदार आणि शहरात कार्यालय असलेले आमचे करसल्लागार आले. प्रत्येकाचे डोमेन वेगळे, खाती वेगळी. सहा उद्योगांची मिळून एकतीस खाती झाली. त्या संगणकाला त्याचे काहीच नव्हते. सुमारे १२० वॅट खाणारे ते यंत्र दिवसाला तीन युनिटांपेक्षा थोडी कमी, महिन्याला साधारण ८६ युनिट वीज घेई, आणि चार खात्यांसाठी घेई तेवढीच एकतीस खात्यांसाठीही घेई. सर्व्हर वाटून घेण्याच्या कल्पनेतला मोह नेमका इथे आहे. यंत्राच्या बाजूने पाहिले तर दुसऱ्याला सामावून घेण्याचा खर्च शून्याच्या जवळ असतो, आणि शेजारधर्म म्हणून नाही म्हणायला जागाच राहत नाही.

आता २०१९ सालच्या पोळ्याबद्दल. त्या वर्षी शुक्रवारी पोळा, शनिवारी मारबत, मग रविवार आणि सोमवारी गणेशचतुर्थी असे चार दिवस लागून आले होते आणि आमचे कार्यालय बंद होते. शनिवारी मी मुलांना घेऊन मारबतीची मिरवणूक पाहायला गेलो होतो. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असे सगळा रस्ता ओरडत असताना आमची पिडा तिकडे हिंगण्यात सर्व्हरमध्ये शिरलेली होती. मालवाहतूकदारांच्या बुकिंग क्लार्कच्या खात्याचा पासवर्ड त्यांच्याच फर्मचे नाव आणि पुढे १२३ असा होता. तो कुठल्यातरी दूरच्या यंत्राने ओळखला आणि त्या खात्यातून औषधांच्या आणि लॉटरीच्या जाहिराती जगभर जाऊ लागल्या. मंगळवारी सकाळी मी पाहिले तेव्हा पाठवायच्या रांगेत ४१ हजार मेल अडकलेले होते; किती निघून गेले होते ते नोंदीत मोजण्याचे धाडस मी केले नाही.

तोवर आमचा आयपी पत्ता स्पॅम, म्हणजे नको असलेले मेल, पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला होता. अशा याद्या चालवणाऱ्या संस्था जगात अनेक आहेत. १९९८ साली सुरू झालेली स्पॅमहाऊस ही त्यांतली सर्वांत परिचित. मेल स्वीकारणारा सर्व्हर समोरच्याचा आयपी पत्ता अशा यादीत आहे का हे पाहतो आणि असल्यास ५५४ किंवा ५५० असा आकडा सांगून दार लावून घेतो. या आकड्यांची भाषा सोपी आहे. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’, आणि ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. त्या मंगळवारी आमच्या सहाही उद्योगांना बहुतेक ठिकाणी ५ चा आकडा मिळत होता. यादीतून नाव काढण्याचा अर्ज मी दुपारी भरला आणि एका यादीतून दुसऱ्या दिवशी सुटका झालीही, पण मोठ्या ईमेल कंपन्या आपापल्या पुरती जी पत मोजतात तिच्यासाठी धड अर्जही नसतो आणि उत्तरही मिळत नाही. आमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये न जाता सरळ पोहोचू लागायला जवळपास तीन आठवडे लागले.

या सगळ्यात ज्यांचा काडीचाही दोष नव्हता ते खोकी छापणारे शेजारी. इंदूरच्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी त्याच मंगळवारी सुधारित दर पाठवला होता आणि मुदत त्या संध्याकाळपर्यंतची होती. तो मेल परत आला. परत आल्याची सूचना इंग्रजीत आणि यंत्राच्या नावाने आलेली असल्यामुळे त्यांच्या मुलाने ती जाहिरात समजून बाजूला सारली. शुक्रवारी इंदूरहून फोन आला तेव्हा काम दुसऱ्याला गेले होते. ते माझ्याकडे आले, त्या सूचनेचा छापील कागद माझ्या टेबलावर ठेवला, त्यावर पेपरवेट ठेवले आणि चहा न घेता गेले. भांडले असते तर बरे झाले असते.

ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे, अशी माझी विनंती आहे. आपण यंत्र वाटून घेतो आहोत असे आपल्याला वाटत असते, प्रत्यक्षात आपण एकमेकांना जामीन राहिलेलो असतो. सहकारी पतसंस्थेत जामिनाच्या कागदावर सही करताना आपण दहादा विचार करतो, कर्जदाराचे घर पाहतो, त्याच्या भावाला विचारतो. इथे मात्र शेजाऱ्याच्या बुकिंग क्लार्कचा पासवर्ड काय आहे हे न विचारता आपण त्याच्यासाठी आपला व्यवहार गहाण टाकतो. बुटीबोरीतील उद्योजकांना हे चटकन समजेल, कारण तिथे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. अशा केंद्रात प्रत्येक कारखान्याने आपले पाणी ठरलेल्या मर्यादेपर्यंत स्वतः शुद्ध करूनच पुढे सोडायचे असते, कारण एकाने रात्रीतून आम्ल सोडले तर केंद्रातले जिवाणू मरतात आणि सगळ्यांचेच पाणी तुंबते. सामायिक ईमेल सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येकासाठी अशी प्रवेशाची मर्यादा आधी ठरवायला हवी होती. एका खात्यातून तासाला शंभरापेक्षा जास्त मेल जाऊ न देण्याची साधी व्यवस्था, जी पुढे मी अर्ध्या दिवसात बसवली, ती आधीपासून असती तर ४१ हजारांचा प्रश्न काही हजारांवर थांबला असता आणि बहुधा पहिल्या रात्रीच लक्षात आला असता.

दुसरी बाब जरा तांत्रिक आहे, पण तीच अधिक घातक असल्यामुळे सांगणे भाग आहे. टपालाच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो, आणि ईमेलचेही मुळात तसेच आहे, कारण ईमेल पोहोचवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ साली कागदावर आली तेव्हा जाळ्यावरची मंडळी मोजकी होती आणि एकमेकांवर विश्वास ठेवून होती. ती उणीव भरून काढण्यासाठी नंतर तीन गोष्टी आल्या. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाचे मेल अमुक आयपी पत्त्यांवरूनच निघतील, अशी डोमेनच्या मालकाने केलेली जाहीर नोंद. डीकेआयएम म्हणजे निघणाऱ्या प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने उमटवलेली सही. या दोन्हींपैकी एकाही कसोटीला न उतरणाऱ्या मेलचे काय करावे याची डोमेनमालकाने दिलेली सूचना म्हणजे डीमार्क. आम्ही सहाही डोमेनांना हे तिन्ही लावले होते आणि त्याचा मला अभिमान होता. परंतु सहाही डोमेनांच्या एसपीएफ नोंदीत आयपी पत्ता एकच, माझा, आणि सह्या करणाऱ्या सहाही किल्ल्या माझ्याच यंत्रात. पोस्टफिक्समध्ये खात्यात शिरलेल्या माणसाला फक्त त्याच्याच पत्त्यावरून मेल पाठवता यावा, ही अट आपण मुद्दाम घालावी लागते; ती आपोआप नसते. आम्ही ती घातलेली नव्हती. याचा अर्थ असा की गॅस्केटवाल्यांच्या कार्यालयातील कोणीही आपल्या खात्यात शिरून करसल्लागारांच्या नावाने मेल पाठवला असता, तर तो एसपीएफच्या कसोटीलाही उतरला असता, त्यावर अस्सल सहीही उमटली असती आणि जगातल्या कुठल्याही सर्व्हरने तो खरा मानला असता. बँक खाते बदलले आहे, पुढचे पैसे नव्या खात्यात टाका, असा एक मेल एवढ्याने सजून जातो. तसे काही घडले नाही, ते केवळ आमच्या नशिबाने.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले आहेत. जीमेलच्या ग्राहकांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी बंधनकारक झाल्या. कमी पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि आयपी पत्त्याची सुलटी-उलटी नोंद (नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव) जुळणे आवश्यक झाले. शिवाय स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचता कामा नये. ढोबळ हिशेब केला तर दिवसाला तीनशे मेल जात असतील आणि एका माणसाने कंटाळून स्पॅमचे बटण दाबले, तर त्या दिवसापुरती ही रेषा ओलांडली गेली. दिवाळीच्या शुभेच्छा एकदम दोन हजार जणांना पाठवणारा एक तरी शेजारी प्रत्येक ओळीत असतोच.

आता वडिलांच्या पी.पी. फोनकडे परत येतो. फॅब्रिकेशनवाले आणि मी, आम्ही दोघेही एका कंपनीला केबल ट्रे पुरवत होतो. तो माझा मुख्य माल नव्हता, पण दर वर्षी एक-दोन कामे मिळत. सर्व्हर चालवणाऱ्याने तशी सोय ठेवली असेल तर त्याच्याकडे न पोहोचलेल्या मेलांच्या सूचनांच्या प्रती येतात आणि त्यांत पाठवणारा, घेणारा आणि विषय दिसतो. २०२१ साली एका सकाळी अशा एका सूचनेत मला शेजाऱ्यांचे नाव, त्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याचा चुकलेला पत्ता आणि विषयाच्या ओळीत चक्क मीटरमागचा दर दिसला. माझे कोटेशन अजून जायचे होते. मी ते त्या वर्षी पाठवलेच नाही आणि का पाठवले नाही हे शेजाऱ्यांना सांगितलेही नाही, कारण सांगितले असते तर आजवर काय काय पाहिले असेल हा प्रश्न त्यांच्या मनात आला असता, आणि तो रास्तच होता. सर्व्हरच्या मालकाने ठरवले तर त्यावरचा प्रत्येक मेल त्याला वाचता येतो. तो वाचत नाही यावर शेजाऱ्यांनी विश्वास ठेवायचा, आणि तो विश्वास सिद्ध करून दाखवण्याचा कोणताही मार्ग मालकाजवळ नाही, ही अवस्था दोघांनाही सुखाची नाही. एकाच धंद्यातल्या दोघांनी एका सर्व्हरवर कधीही राहू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याच्या बाजूबद्दल आम्ही पहिली काही वर्षे पूर्ण अंधारात होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात मध्यस्थ या शब्दाची जी व्याख्या आहे तीत दुसऱ्याच्या वतीने इलेक्ट्रॉनिक नोंद स्वीकारणारा, साठवणारा किंवा पुढे पाठवणारा कोणीही येतो. म्हणजे पॅनेल बनवणारा मी, शेजाऱ्यांचे मेल सांभाळू लागल्या दिवसापासून, त्या व्याख्येत बसत होतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी जे निर्देश काढले त्यांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना हे लागू होण्यासाठी त्या वर्षीच्या २५ सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली होती. पोळ्याच्या सुट्टीतला प्रकार आज घडला तर मंगळवारी सकाळी रांग रिकामी करत बसण्याआधी मला तो कळवण्याच्या मागे लागावे लागेल. शेजाऱ्याच्या क्लार्कचा पासवर्ड आणि धावपळ माझी.

याहून अवघड प्रसंग आला तो वसुलीचा. गॅस्केटवाल्यांचे एका मोठ्या ग्राहकाकडे पैसे अडकले होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार अशा ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. बिल मिळालेच नाही, असा ग्राहकाचा पवित्रा होता. बिल ईमेलने गेले होते आणि त्याचा पुरावा माझ्या सर्व्हरच्या नोंदीत होता. इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना तो ज्या यंत्रातून आला त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे प्रमाणपत्र लागते. तेव्हा ते पुराव्याच्या जुन्या कायद्यातील कलम ६५ब खाली लागे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागते. जबाबदार व्यक्ती मी. आणि तो मोठा ग्राहक माझाही ग्राहक. मी सही केली, कारण जे खरे होते ते खरे होते, पण त्या कंपनीच्या खरेदी विभागात त्यानंतर माझ्या कोटेशनांना उत्तर यायला लागणारा वेळ किती वाढला ते माझे मला माहीत आहे.

हे सगळे वाचून मी या कल्पनेच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. आपल्या हवेबद्दल आणि विजेबद्दल लोक जी भीती घालतात ती बरीचशी फोल आहे, हेही मला सांगितले पाहिजे. नवतपात हिंगण्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होते ते नागपूरकरांना सांगायला नको. आम्ही सर्व्हर हिशेबाच्या खोलीत, वाळ्याच्या कुलरच्या झोतात ठेवला होता, पुढे कुलरच्या दमट हवेने त्याच्या पंख्यावर मातीचा लेप बसू लागल्यावर तो झोताबाहेर सरकवला आणि समोर साधा पंखा लावला, एवढेच. लाईन गेली आणि यूपीएसही संपला तरी येणारे मेल बुडत नाहीत. पाठवणारा सर्व्हर आपले दार बंद दिसले की मेल स्वतःजवळ ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. हे प्रयत्न साधारणपणे चार-पाच दिवस चालावेत, असा दंडकच आहे. एकदा रोहित्र जळल्यामुळे आम्ही दीड दिवस अंधारात होतो, आणि वीज आल्यावर तासाभरात सगळे मेल एकामागून एक उतरले.

आणि सामायिक सर्व्हर असण्याचा सगळ्यांत मोठा लाभ मी २३ सप्टेंबर २०२३ रोजी पाहिला. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि आमच्या करसल्लागारांच्या तळमजल्यावरील कार्यालयात टेबलांच्या फळीपर्यंत पाणी चढले. त्यांचे चारही संगणक गेले. विवरणपत्रांच्या मुदती तोंडावर आलेल्या असताना अशिलांचा सगळा पत्रव्यवहार मात्र हिंगण्यात, माझ्या सर्व्हरवर कोरडा होता. संध्याकाळी भाच्याचा लॅपटॉप मागून आणून ते गच्चीवर बसून मेल वाचत होते. त्या रात्री मला त्यांच्याइतकाच आनंद झाला, आणि झोपताना सर्व्हर त्यांच्या कार्यालयात असता तर काय झाले असते, हेही मनात आले. रोजची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, किमान दुसऱ्या उंचीवर, ठेवण्याची व्यवस्था आम्ही त्यानंतर केली, आठव्या वर्षी.

त्यामुळे ज्यांना करायचेच आहे त्यांना माझे सांगणे इतकेच, की प्रत्येकाचे डोमेन त्याच्या स्वतःच्या नावावर, त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरावर आणि त्याच्या पैशाने नोंदवलेले असावे. आमच्याकडे सोय म्हणून दोघांची डोमेने मी माझ्या नावाने घेतली होती. मालवाहतूकदार पुढे वेगळे झाले तेव्हा ते डोमेन त्यांच्या नावावर करून देण्यास मी तयार असूनही कागदपत्रांत दोन महिने गेले; मी तयार नसतो तर त्यांच्या फर्मचे नावच माझ्या हातात होते. डोमेन स्वतःचे असेल तर भांडणाच्या दिवशी एक नोंद बदलून माणूस दुसरीकडे जाऊ शकतो, आणि जाता येते हे दोघांना माहीत असले की सहसा भांडण होत नाही. बाहेर जाणारे मेल स्वतःच्या आयपी पत्त्यावरून न सोडता अशी सेवा विकणाऱ्या एखाद्या कंपनीमार्फत सोडावेत; पत सांभाळण्याची जी जबाबदारी आपल्याला पेलत नाही ती पेलण्याचेच ते पैसे घेतात. एक साधा करार मुद्रांकाच्या कागदावर करावा आणि त्यात कोण काय पाहू शकतो, नोंदी किती दिवस राहतील, बाहेर पडणाऱ्याला त्याचे मेल कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळतील हे लिहावे. आम्ही हा कागद कधीच केला नाही, कारण तो मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे सहाही जणांना वाटत होते.

मी स्वतः मात्र आज पुन्हा ही जबाबदारी घेणार नाही. गेल्या वर्षभराच्या अनुभवावरून मला असे दिसते की यंत्रापेक्षा ते चालवणारा माणूस वाटून घेणे अधिक फायद्याचे आहे. आम्ही सहापैकी पाच जणांनी आपापली खाती भाड्याच्या सेवेवर नेली, प्रत्येकाचा करार स्वतंत्र केला, आणि महिन्यातून दोन दिवस येणारा एक तंत्रज्ञ मिळून ठेवला. तो पासवर्ड पाहतो, नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करतो, डोमेनांच्या नूतनीकरणाच्या तारखा एका वहीत लिहितो आणि परत आलेल्या मेलांच्या सूचना ज्याच्या त्याला मराठीत समजावून सांगतो. खर्च वाढला, हे कबूल करतो. वसाहतीतील उद्योजकांच्या संघटनेने सर्व्हर उभारण्याऐवजी असे दोन-तीन तंत्रज्ञ सामायिक पगारावर ठेवण्याचा विचार केला तर तो अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

जुना सर्व्हर आम्ही मार्च २०२४ मध्ये बंद केला. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात आणि बिले ईमेलमध्येच असल्यामुळे आधी प्रत्येकाला त्याच्या सगळ्या मेलांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून दिली, ती उघडते आहे याची खात्री त्यांच्या कार्यालयात जाऊन करून घेतली आणि पोच घेतली. नोंदींचे १८० दिवस उलटून गेल्यावर दिवाळीआधीच्या एका शनिवारी दुपारी सर्वांना बोलावले. मालवाहतूकदारही आले. फॅब्रिकेशनवाल्यांच्या शेडमधल्या ड्रिल मशीनखाली मूळ हार्ड डिस्क धरली आणि बारा मिलिमीटरच्या बिटाने तिला चार भोके पाडली. पहिले भोक खोकी छापणाऱ्यांनी पाडले आणि त्यानंतर माझ्याकडे चहा घेतला.

आपला,
एक लघुउद्योजक,
हिंगणा औद्योगिक वसाहत, नागपूर